भंवरकुआंचा पंचवीस हजारांचा प्रश्न

गोव्याच्या माणसाला इंदूर म्हटले की दोन नावे आठवतात. एक होळकरांचे आणि दुसरे लता मंगेशकरांचे. मंगेशीच्या दीनानाथांची ही लेक २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली ती इंदुरात, आणि त्यामुळे आपल्याला त्या शहराबद्दल उगाचच हक्काची आपुलकी वाटते. आमच्या घरात मात्र २०२५ पासून इंदूर म्हटले की तिसरीच गोष्ट निघते, ती म्हणजे लॅपटॉप.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन देवासला गेली. तिचा मुलगा मध्य प्रदेश बोर्डाची बारावी चांगल्या गुणांनी पास झाला, खंडवा रोडवरच्या एका कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, आणि दोघा मुलांसोबत त्याने भंवरकुआंला खोली घेतली. बहिणीचा फोन आला, "दादा, तू ऑफिसात खरेदीच्या फायली बघतोस ना? मग तूच सांग याला कुठला लॅपटॉप घ्यायचा ते." मुलगा मागून ओरडला, "मामा, गेमपण चालली पाहिजे हां, थोडी थोडी!" बहिणीने त्याला गप्प केले.

मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून कारकून. पण फाईल आली की आधी मागचा पत्रव्यवहार वाचायचा, ही सवय हाडात भिनलेली. विद्यार्थ्याला परवडेल असे यंत्र या प्रश्नाचा मागचा पत्रव्यवहार वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे, त्यात मोठमोठी माणसे पडली आहेत, आणि त्यातली एक तर इंदुरातच शिकलेली आहे. म्हणून हा लेख.

आधी जागा सांगतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर, जिथून खंडवा रोड फुटतो, तो भंवरकुआं चौक. नावात विहीर आहे, पण आज तिथे दिसतात त्या पाट्या : लोकसेवा आयोग, बँकिंग, पोलीस भरती, पटवारी, सगळ्यांचे क्लास. २०२१ साली सरकारने या चौकाला निमाडचे क्रांतिकारक तंट्या मामा भिल्ल यांचे नाव दिले, तरी रिक्षावाला अजून भंवरकुआंच म्हणतो. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, शिवाजीराव होळकर महाराजांनी १८९१ साली काढलेले. पुढे खंडवा रोडला विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आहे. हे विद्यापीठ १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. माळव्या-निमाडातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले इथे दोघे-तिघे मिळून एका खोलीत राहतात, सकाळी पोहे-जिलेबी खातात आणि महिन्याचा हिशेब वहीत लिहितात. अशा खोलीत लॅपटॉप येतो तेव्हा आई-बापाच्या संसारातली ती मोठी खरेदी असते, बहुतेक वेळा दुचाकीच्या खालोखालची.

आता पैशाची बाजू. मध्य प्रदेश सरकारची एक योजना आहे. राज्याच्या बोर्डातून बारावीला ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉपसाठी २५,००० रुपये मिळतात, थेट बँक खात्यात. ४ जुलै २०२५ रोजी अशा ९४,२३४ विद्यार्थ्यांना मिळून सुमारे २३५ कोटी रुपये दिले गेले. आमचा भाचा त्यातला एक. यंत्र सरकारने घ्यायचे नाही, पैसे द्यायचे, आणि निवड अठरा वर्षांच्या पोराने करायची, अशी ही रीत. खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट क्रांतीसारखी वाटते. ती का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

१९७२ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत ॲलन के नावाच्या शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. वहीएवढा, चार पौंडांपेक्षा हलका संगणक मुलांच्या हातात असावा, आणि किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असावी, अशी कल्पना त्याने मांडली. त्याला त्याने डायनाबुक असे नाव दिले. तेव्हा संगणक खोलीभर असत, त्यामुळे डायनाबुक कागदावरच राहिले. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लॅपटॉपची पहिली कल्पना साहेबासाठी नव्हती, विद्यार्थ्यासाठी होती. त्या कल्पनेत मुलांनी त्यावर वाचायचे होते, लिहायचे होते, चित्रे काढायची होती, आणि खेळायचेही होते.

प्रत्यक्षात उचलून नेता येईल असा, धंद्यात यशस्वी झालेला पहिला संगणक आला १९८१ साली. त्याचे नाव ऑस्बर्न-१. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, आणि बॅटरी नाही. भाताच्या अर्ध्या पोत्याइतके ओझे! तो काढणारा ॲडम ऑस्बर्न लहानपणी तामिळनाडूत तिरुवण्णामलैला वाढला होता, कारण त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त होते. २००३ साली तो वारला तोही कोडाईकनालला. कंपनी मात्र १९८३ सालीच बुडाली. ऑस्बर्नने शोधून काढलेली एक युक्ती आजही चालू आहे : यंत्राबरोबर लिहिण्याचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याच किमतीत द्यायचे. आज दुकानदार "ऑफिस फ्री आहे साहेब" म्हणतो तेव्हा तो ऑस्बर्नचीच भाषा बोलत असतो.

आपल्याकडे याच सुमारास, नोव्हेंबर १९८४ मध्ये, राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण आणले. त्याच शैक्षणिक वर्षात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी इंग्लंडहून बीबीसी मायक्रो हे संगणक आणले गेले. शाळेसाठी बनवलेले, भक्कम, मोठ्या कळांचे यंत्र होते ते. गंमत बघा, त्याच १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी, याच बीबीसी मायक्रोवर 'एलीट' हा खेळ लिहिला. अंतराळात व्यापार करत फिरायचे, असा तो खेळ. ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात शेकडो ग्रह बसवण्यासाठी त्या पोरांना जे गणित करावे लागले ते कुठल्याही वर्गात शिकवले गेले नसते. म्हणजे सरकार ज्या यंत्राला अभ्यासाचे म्हणत होते, त्याच्यावरच खेळही जन्मला. या ब्रेबेनसाहेबांचे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे परत येणार आहेत.

भारतात संगणक घराघरांत पोचायला अजून दोन दशके लागली. एक मोठे कारण आयातशुल्क. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत संगणकावरचे आयातशुल्क शून्यावर आले. आमच्या कॉलेजच्या दिवसांत म्हापशाच्या सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून बसायचो, तेव्हा स्वतःचा संगणक ही डॉक्टर-वकिलांच्या घरची वस्तू होती. आपल्या गोव्यात या शतकाच्या सुरुवातीला, पर्रीकर मुख्यमंत्री असताना, उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी सायबरएज योजना आली, आणि कित्येक घरांत पहिला संगणक आला तो त्या योजनेचाच. चवथीला गावी गेलो की माटोळीच्या शेजारच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली तो झाकून ठेवलेला दिसे. त्यावर पोरांनी अभ्यास किती केला ते देव जाणे, पण पुढे माउस धरायला कोणी घाबरले नाही हे मी पाहिले आहे.

मग आला शंभर डॉलरचा लॅपटॉप. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली घोषणा केली की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरमध्ये एक लॅपटॉप द्यायचा. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्यूनिसला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्यांनी नमुना दाखवला. हिरवे-पांढरे खेळण्यासारखे यंत्र, वीज नसेल तर हाताने फिरवायला दांडा. २००७ साली उत्पादन सुरू झाले तेव्हा दांडा गेला होता आणि किंमत १८० डॉलरच्या वर गेली होती. पण यंत्र वाईट नव्हते. पडदा उन्हात वाचता येई, आणि पोर स्वतः ते उघडून दुरुस्त करू शके.

त्याचा प्रयोग आपल्या मराठी मुलखातही झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट म्हणून धनगरवाडा आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली वीसेक मुलांच्या हातात ही यंत्रे आली. मुले फोटो काढायला शिकली, आवाज नोंदवायला शिकली, घरच्यांना दाखवू लागली. पण देशाने ही यंत्रे विकत घ्यायची नाहीत हे दिल्लीत २००६ सालीच ठरून गेले होते. तेव्हाचे केंद्रीय शिक्षण सचिव होते सुदीप बॅनर्जी, मध्य प्रदेश केडरचे सनदी अधिकारी आणि हिंदीतले नावाजलेले कवी. त्यांनी कळवले की ही कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद आहे, देशाला चकचकीत साधनांपेक्षा वर्ग आणि शिक्षक यांची गरज आधी आहे. निकाल पटो न पटो, प्रश्न बरोबर होता. यंत्राने मुलाचे काय होणार, हे किंमत ठरण्याआधी कोणीतरी विचारले.

शंभर डॉलरच्या गाजावाजाने एक वेगळेच काम केले. स्वस्त लॅपटॉपला गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना कळले. २००७च्या शेवटी तैवानच्या असूसने 'ई पीसी' काढला. सात इंची पडदा, चार गिगाबाइट साठवण. त्याच्या मागोमाग २००८ साली इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला आणि नेटबुक नावाच्या छोट्या लॅपटॉपांची लाट आली. दोन-तीन वर्षे ते धडाधड खपले. मग लोकांच्या लक्षात आले की कळा बोटांना पुरत नाहीत, दोन कामे एकत्र उघडली की यंत्र धापा टाकते. तोपर्यंत २०१०चा आयपॅड आला होता. २०१३ सुरू होईपर्यंत नेटबुकचा बाजार उठला. स्वस्ताईसाठी कुठे कापायचे आणि कुठे नाही, याचा तो महागडा धडा होता.

तो धडा शिकायच्या आत आपल्या सरकारने 'आकाश' काढला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचे उद्‌घाटन केले. सरकारी खरेदीची किंमत सुमारे पन्नास डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोन हजार रुपये. निविदेत सर्वात कमी दर देणाऱ्या डेटाविंड कंपनीला काम मिळाले होते, आणि आयआयटी राजस्थानने ते पाहायचे होते. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम, आणि बोटाने जोर दिल्याशिवाय न कळणारा पडदा. तक्रारी आल्या, चाचणीच्या निकषांवरून वाद झाला, आणि २०१२ साली काम आयआयटी मुंबईकडे गेले. तिथे त्याची धुरा आली प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे. हे फाटकसर इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून १९६९ साली अभियंता झालेले. भंवरकुआंला आज लॅपटॉप शोधणाऱ्या पोराच्याच शहरात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शिकलेला मराठी माणूस देशातल्या सर्वात स्वस्त संगणकाला ताळ्यावर आणायला बसला होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ आला. प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झचा झाला, रॅम दुप्पट झाली, पडदा सुधारला, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक लाख टॅबलेट पोचवण्याचे काम झाले. पुढे स्वस्त मोबाइल फोनच त्याच्यापेक्षा चांगले निघाले आणि आकाश विरून गेला.

आमच्या टेबलावर याला एल-वन म्हणतात. दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, आणि अटींत बसणाऱ्यांत ज्याचा दर सर्वात खाली त्याला काम द्यायचे. जनतेच्या पैशाला ही पद्धत लागतेच, नाहीतर बोंबाबोंब होईल. पण तिची एक मेख आहे. तक्त्यात किंमत दिसते, वापरणारा दिसत नाही. ज्याला ते यंत्र रात्री दोन वाजता प्रोजेक्ट पुरे करायला लागणार आहे, त्याची सही त्या फायलीवर कुठेच नसते. २०१३ साली उत्तर प्रदेश सरकारने बारावी झालेल्या मुलांना एचपीचे लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, सुमारे १५ लाख. यंत्र ठीक होते, पण चालू केले की पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांचे फोटो येत. देणाऱ्याची सही होती, घेणाऱ्याची नव्हती.

म्हणून मध्य प्रदेशची रोख रकमेची रीत मला महत्त्वाची वाटते. तिच्यातही दोष आहेत. पैसा घरखर्चात जाऊ शकतो. शिवाय २५,००० ही रक्कम बाजाराला पुरत नाही, लॅपटॉपवर जीएसटीच १८ टक्के आहे. पण निवडीचा हक्क पहिल्यांदा वापरणाऱ्याकडे आला. हक्क आला की त्याला वस्तूची परीक्षा करता यायला हवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण नारळ वाजवून घेतो. लॅपटॉप कसा वाजवायचा?

इथे परत आपले ब्रेबेनसाहेब येतात. २०१२ सालीच, फेब्रुवारीत, इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक आला, किंमत ३५ डॉलर. तो काढणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत हे डेव्हिड ब्रेबेन होते. आकाशाच्याच वर्षातला, आकाशापेक्षा स्वस्त, आणि आजवर कोट्यवधी विकला गेलेला. तो टिकला याचे कारण असे, की त्याने विद्यार्थ्यावर फारशा अटी घातल्या नाहीत. काय करायचे ते तू ठरव, जोडायचे ते जोड, बिघडले तर पुन्हा लिही. आणि तो काढणाऱ्यांतला एक जण खेळ लिहूनच मोठा झाला होता.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. विद्यार्थ्याला काय लागणार नाही हे दुसऱ्याने ठरवून जी स्वस्त यंत्रे केली ती बुडाली. ज्यांत पुढे भर घालता येते, जी उघडता येतात, ती टिकली. बजेटमधला लॅपटॉप निवडताना हीच कसोटी लावायची. मी भाच्याला जे सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असाच फोन आला तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, नावाच्या आकड्याला भुलू नये. एएमडीचा रायझन ७३२०यू घ्या. आकडा सात हजारांचा, म्हणजे नवाकोरा वाटतो. पण त्यातला तिसरा अंक २ आहे, तो सांगतो की आतली रचना झेन-२ आहे, जी मुळात २०१९ची. ७५३०यू मध्ये तोच अंक ३ आहे, म्हणजे एक पिढी पुढची. ७३२०यू बरोबर येणारी रॅम शिवाय मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ गिगाबाइट घेतली की चार वर्षे ८च. हा झाला नेटबुकचा जुना धडा नव्या कपड्यात.

दुसरी गोष्ट, २०-२५ हजारांत जे चकचकीत नवे लॅपटॉप मिळतात, त्यांत बरेचदा सेलेरॉन प्रोसेसर, ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ किंवा १२८ गिगाबाइटची ईएमएमसी साठवण असते. ही साठवण म्हणजे जवळजवळ मोबाइलचे मेमरी कार्डच, तीही पट्टीला चिकटवलेली. विंडोजचे दोन-तीन अपडेट आले की जागा संपते. त्यापेक्षा एसएसडी असलेले यंत्र घ्यावे, २५६ गिगाबाइटचे असले तरी चालेल, कारण ती काढून मोठी घालता येते.

तिसरी गोष्ट खेळाची. आईबापांना गेम म्हटले की पोर बिघडले असे वाटते, आणि दुकानदार गेम म्हटले की साठ हजारांच्या फळीकडे बोट दाखवतो. दोन्ही टोके चुकीची. जुन्या काळी खेळासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागे. इंटेलने २०१०च्या सुमारास आणि एएमडीने २०११ साली ग्राफिक्स प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवले, आणि तेव्हापासून साध्या लॅपटॉपवर साधे खेळ चालू लागले. २००६चा क्रिकेट ०७ हॉस्टेलांत अजून खेळतात, त्याला आजचे कुठलेही यंत्र पुरते. २०२० साली आलेला व्हॅलोरंट तर मुद्दामच हलक्या यंत्रांवर चालेल असा केलेला आहे. पण एक बारकावा आहे, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसते, ते मुख्य रॅममधून उसनवारी करते. रॅमची एकच पट्टी असेल तर रस्ता एकपदरी, दोन असतील तर दुपदरी. इंटेलचे आयरिस एक्सई ग्राफिक्स तर दोन पट्ट्या असल्या तरच त्या नावाने ओळखले जाते, एकीवर ते साधे यूएचडी होऊन बसते. म्हणजे खेळासाठी वीस हजार जास्त मोजण्याऐवजी रॅमची एक रिकामी खाच असलेले यंत्र घ्यावे आणि सवडीने दुसरी पट्टी घालावी. तीच पट्टी मोठी फाईल उघडतानाही कामाला येते. २०२५च्या शेवटी जगभर रॅमचे भाव चढले, त्यामुळे पट्टी लगेच परवडणार नाही कदाचित, पण खाच असेल तर थांबता येते. खाचच नसेल तर काय करणार?

चौथी गोष्ट, जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपन्या भाड्याने घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी परत करतात, तेच डागडुजी होऊन बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असली ऑफिसची यंत्रे अंगाने दणकट असतात, आणि बहुतेकांचे मागचे झाकण चार स्क्रू काढले की उघडते. इंदुरात रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची दुकाने आहेत, तिथे नवे-जुने दोन्ही पाहायला मिळते. मात्र जुने घेताना एक रेष पाळावी : इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची मोफत सुरक्षा बंद झाली, आणि विंडोज ११ रीतसर आठव्या पिढीपासून पुढेच चालते, टीपीएम २.० नावाची सोयही लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप स्वस्त दिसतो त्याचे कारण हेच. ज्याला लिनक्स चालवता येते त्याने तोही खुशाल घ्यावा.

पाचवी गोष्ट साधीच. दुकानात पाच मिनिटे मराठीत किंवा हिंदीत काहीतरी टाइप करून पाहावे, बिजागरी उघडझाप करावी, पडदा तिरका करून रंग फिके पडतात का बघावे, आणि जुने असेल तर बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता विचारावी. विंडोजमध्ये एका आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. तो काढून द्यायला दुकानदार कुरकुरला तर पुढचे दुकान.

या हिशेबाने भाच्याच्या खोलीतच दोन वेगळे निर्णय झाले. त्याच्या खरगोनच्या सोबत्याचे वडील आणखी तेरा हजार घालायला तयार होते. त्याने नवे यंत्र घेतले, बाराव्या पिढीचे आय-थ्री, ८ गिगाबाइटची एक पट्टी, एक खाच रिकामी. त्याला तीन वर्षांची निश्चिंती हवी होती, आणि वॉरंटीचा कागद वडिलांना दाखवता आला पाहिजे होता. आमच्या भाच्याने बहिणीकडून जादा पैसे घेतले नाहीत. भावोजींच्या नोकरीचे तेव्हा खरे नव्हते, आणि पोराला ते कळत होते. त्याने सरकारच्या पंचवीस हजारांतच जुना थिंकपॅड घेतला, दहाव्या पिढीचा. घेण्याआधी दुकानदाराला म्हणाला, "भैया, पीछे का ढक्कन खोलके दिखाओ." दुकानदाराने उघडून दाखवले. दोन खाचा होत्या, दोन्हींत पट्ट्या होत्या, पंख्यात धूळ होती. धूळ साफ करून द्या, असे सांगून त्याने पैसे दिले.

बहिणीने मला विचारले, "दोघांतले कुठले बरोबर?" मी म्हटले, दोन्ही. कारण दोघांनाही आपण काय सोडले आणि का सोडले ते माहीत होते. ॲटमच्या नेटबुकवाल्याला ते माहीत नव्हते, आकाश हातात पडलेल्या पोराला तर विचारलेच नव्हते. स्वस्त यंत्र घेताना काहीतरी सोडावे लागते, त्याला इलाज नाही. पण ते कोण सोडतो यावर बरेच अवलंबून असते. इतकी वर्षे ते मंत्रालयात, निविदेत, कधी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ठरत आले. आता ते भंवरकुआंच्या एका खोलीत, पोह्यांच्या कागदावर आकडे मांडून ठरते आहे.

एवढे मात्र नोंदवून ठेवतो. आपल्याकडेही पुढे कधी अशी योजना नव्याने आखायची झाली, तर यंत्रे वाटण्याआधी मुलांना एक पानाचे माहितीपत्रक द्यावे : रॅमची खाच कशी ओळखायची, पिढी कुठे वाचायची, ईएमएमसी म्हणजे काय. छपाईला खर्च फारसा येणार नाही, आणि त्याला निविदाही लहानच लागेल. बाकी पोरे शहाणी आहेत. ती वाजवून घेतील. असो.